कूलरची चप्पल

आमच्या कूलरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रलची पिन आणि अर्थिंगची पिन मी वीतभर तांब्याच्या तारेनं एकमेकींना जोडून दिली. करू नका म्हणून सांगितलेलं असताना जोडली. आणि अकोल्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं मी विद्युतप्रवाहाचा धडा शिकवला आहे, हेही इथंच सांगून टाकतो.

शिकवायचो मात्र झकास. शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती, तिच्याकडे बोट दाखवून मी म्हणायचो, "टाकी जितकी उंच, तितका जोर. तो जोर म्हणजे व्होल्टेज. नळातून येतं ते पाणी म्हणजे करंट. अन् पाइपवर पाय देऊन उभा राहिलेला तुमचा हा मित्र म्हणजे रेझिस्टन्स." वर्ग हसायचा. मग सगळे एका सुरात म्हणायचे, व्होल्ट भागिले ओहम बरोबर अँपिअर. अकोल्याच्या एप्रिलमध्ये, पत्र्याच्या छपराखाली, घामानं निथळत म्हणायचे. प्रयोगशाळेतल्या अँमीटरचा काटा मी नोकरीला लागलो तेव्हापासून अडकलेला होता. रीडिंग मी फळ्यावर लिहून द्यायचो. सगळ्यांचे प्रयोग दरवर्षी बिनचूक यायचे.

निवृत्त झालो आणि अमरावतीला घर घेतलं. घर जुनं, वायरिंग त्याहून जुनी. तीन पिनांची सॉकेटं होती, पण तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या पिनेच्या मागे जमिनीत जाणारी तारच नव्हती. नुसतं भोक. आमच्याकडे पुष्कळ घरांत असंच असतं आणि त्यावर वऱ्हाडानं आपला एक उपाय काढलेला आहे. होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतो आणि त्याच्याबरोबर रबरी चपलांचा एक जोड उतरतो. ही कूलरची चप्पल. ती घालून कुणी अंगणातसुद्धा जात नाही. कूलरच्या टाकीत पाणी भरायचं, तेवढ्यापुरती ती पायात घालायची आणि पुन्हा कूलरखाली सरकवून ठेवायची. लग्न होऊन आलेल्या सुनेला देवघर दाखवतात तशी ही चप्पल दाखवतात. पत्र्याच्या कूलरला हात लावायचा तर तोही उलटा, बोटांच्या पाठीनं. कारण करंट लागला की मूठ आवळते. उलटा हात असेल तर निदान आपल्याकडेच आवळतो.

मला या चपलेची शरम वाटायची. शरम म्हणजे, माझ्यासारख्या माणसाच्या घरात विजेवर उपाय म्हणून चप्पल?

आमच्या कॉलनीचं विजेचं काम वलगावचा एक मिस्त्री करायचा. माझ्याच वयाचा. मोटारसायकलच्या डिक्कीत पक्कड, टेस्टर, तारांची भेंडोळी आणि डबा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं खांबावर आणि मोटारींच्या पोटात शिकलेला. माझी बायको त्याला भाऊ म्हणायची, तो तिला भाभी. ती घरी ब्लाउज शिवायची. त्याच्या लेकीच्या लग्नातले सगळे ब्लाउज तिनं शिवले होते आणि त्यांची तुरपाई बघून त्याच्या बेगमनं हिच्यासाठी डबाभर शिरखुर्मा पाठवला होता. हे अशासाठी सांगतो की पुढं जे झालं ते परक्या माणसाशी झालं नाही.

मार्चमध्ये त्यानं कूलरसाठी नवा बोर्ड बसवला. टेस्टर लावून पाहिला आणि म्हणाला, "सर, अर्थिंग नाही घरात. अंगणात खड्डा करा लागते. कोळसा टाकतो, मीठ टाकतो, पाइप गाडतो. एक दिवसाचं काम आहे."

अंगणात मी आठच दिवसांपूर्वी फरशी बसवून घेतली होती. चॉकलेटी, नक्षीची.

"फरशी उखडावी लागेल?"

"चार उखडतीन. पुन्हा लावून देतो न."

"पाहू," मी म्हणालो.

"पाहू नका सर, करून घ्या. तवलोक भाभीले चपलेबिगर पाणी नोका भरू देऊ."

एप्रिल लागला तसा कूलर चावायला लागला. वऱ्हाडात कूलर करंट मारत नाही, चावतो. मुंग्या येतात हातातून. बायको म्हणाली, "मिस्त्रीले बलवा." मी म्हटलं, एवढ्या तेवढ्यासाठी मिस्त्री कशाला, मी काय मेलोय?

मी कागद घेतला आणि आकृती काढली. दूर कोपऱ्यावरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तिथं न्यूट्रलची तार जमिनीत गाडलेली असते, हे पुस्तकात आहे. म्हणजे न्यूट्रल आणि जमीन एकच. म्हणजे घरात आलेला न्यूट्रल हीच आपली अर्थिंग. मग खड्डा कशाला, मीठ कशाला? सॉकेटच्या आत या पिनेपासून त्या पिनेपर्यंत एक तार टाकली की झालं.

मिस्त्री शेजारच्या घरी पंखा लावायला आला होता, त्याला मुद्दाम बोलावून मी ती आकृती दाखवली. त्यानं कागद उलटा धरला, मग सुलटा धरला.

"कागदावर बरोबर आहे सर. पण हे करू नोका."

"कारण?"

"न्यूट्रल तुटला तर?"

"तुटेल कशाला?"

"तार आहे. तुटते."

"म्हणजे तुझ्याकडे कारण नाही," मी म्हणालो. वर्गातही मी असंच करायचो. कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की त्याला कारण विचारायचं. "ओहमचा नियम माहीत आहे का?"

"नाही सर," तो म्हणाला. "पन खांबावर मेलेले तिघं माहीत आहे."

तो गेल्यावर मी मेन बंद केलं. खिडकीत कूलर असल्यानं खोलीत भर दुपारी अंधार. बायकोनं टॉर्च धरला.

"तो नाही म्हणते त काहून करता?" ती म्हणाली.

"टॉर्च नीट धर."

तार बसली. मेन चालू केलं, टेस्टर लावला. पेटला नाही. तळहात लावला, अख्खा, सुलटा. काही नाही. कूलर गरीब गाईसारखा घरघरत होता. मी ती रबरी चप्पल उचलली आणि तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. नाटकात टाकतात तशी.

एवढ्यावर थांबलो असतो तर नुकसान आपल्याच घरात राहिलं असतं. पण मला शिकवायची खोड. संध्याकाळच्या फिरण्यात मी आकृती समजावून सांगितली आणि कॉलनीतल्या चार घरी जाऊन तशाच चार तारा स्वतः बसवून दिल्या. सगळीकडे चहा मिळाला. एका घरी चप्पल फेकण्याचा कार्यक्रमही मी करून दाखवला.

मे महिन्यातली दुपार. एक वावटळ येऊन गेली. पत्रे वाजले, धूळ उडाली, आणि आमचा पंखा फिरत फिरत थांबला. कूलर थांबला. लाइट गेली. मी खुर्चीत वर्तमानपत्रानं वारा घेत बसलो.

बायको म्हणाली, "तवलोक टाकी भरून घेतो." तिनं पाइप आणला. फरशीवर पाणी सांडलेलं, पाय अनवाणी. क्षणभर तिनं सवयीनं कूलरखाली पाहिलं. चप्पल शोधत होती.

"आता तर लाइटही नाही," मी म्हणालो. "आता कसली चप्पल?"

शेजारच्यांचा कूलर चालू होता. तो आवाज माझ्या कानावर येत होता, हे मला पुढे दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर आठवलं. लाइट गेलीच नव्हती. खांबावरून आमच्या घरात येणाऱ्या दोन तारांपैकी न्यूट्रलचा जोड वावटळीनं सुटला होता. तार आहे. तुटते. दुसऱ्या, फेजच्या तारेतून वीज घरात तशीच येत होती. ती थांबलेल्या पंख्यातून पुढे न्यूट्रलच्या तारेत आली, आणि खांबाकडे परतायची वाट बंद, म्हणून मी घालून दिलेल्या वीतभर तारेवरून कूलरच्या पत्र्यात उतरली. पंखा फिरत नव्हता याचा अर्थ एवढाच होता की शाळेच्या गच्चीवरच्या त्या टाकीतलं पाणी कुठून तरी बाहेर पडायची वाट पाहत होतं.

तिनं डाव्या हातात पाइप धरला आणि उजव्या हातानं कूलरची जाळी धरली.

मी वर्तमानपत्र वाचत होतो. पाण्याचा आवाज येत राहिला. टाकी भरून वाहिली तरी येत राहिला. मी मान वर केली. ती उभी होती, माझ्याकडे पाठ करून.

मी म्हणालो, "अगं, पाणी सांडून राहिलं, लक्ष कुठं आहे तुझं?"

हे वाक्य मी बोललो. ते गाळून हा मजकूर लिहायचा विचार मी पुष्कळ वेळा केला.

भांडी घासणारी बाई अंगणातून आत आली, तिनं एकदा पाहिलं आणि ओरडली, "सर, मेन बंद करा, मेन!"

"लाइट नाही तर मेन कशाचं?" मी म्हणालो. उठलो, बायकोचा खांदा धरला, आणि कुणीतरी ढकलावं तसा भिंतीवर जाऊन आदळलो. त्या बाईनं बांबूच्या दांड्याचा खराटा उलटा धरून हिच्या मनगटावर सगळ्या ताकदीनं हाणला. हात सुटला. ही खाली पडली. बाई तिसरी शिकलेली आहे. काय कोरडं आणि काय ओलं, एवढं तिला कळत होतं.

व्होल्ट भागिले ओहम. वर दोनशे तीस होते आणि छेदात माझी बायको होती, ओल्या पायांची. छेद लहान झाला की उत्तर मोठं येतं, हे मी किती पोरांच्या वहीत लाल शाईनं लिहिलं असेल.

ती वाचली. उजव्या तळहातावर जाळीचे चौकोन भाजून उमटले, ते वाळले. पण करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं ते वळलंच. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, वेळ लागेल. सुई धरायला ती बोटं लागत नाहीत असं मला वाटायचं. लागतात. कापड ताणून धरायला लागतात.

कॉलनी दवाखान्यात भेटायला आली. पहिलाच प्रश्न, "बोर्ड कोणी बसवला होता?"

"मिस्त्रीनं," मी म्हणालो. हे खरंच होतं. पुढचं मी काही बोललो नाही. पुढचं सगळं तेच बोलले. आजकाल कामात ध्यान नसते ह्या लोकायचं, एक म्हणाला. कोणाच्याही हातात पक्कड देता तुमी, दुसरा म्हणाला. मी जमिनीकडे पाहत राहिलो. दुःखी माणूस दिसत असेन.

घरी जाऊन पहिलं काम केलं ते ती तार काढून टाकण्याचं.

मिस्त्री तिसऱ्या दिवशी आला. खांबावरचा जोड लाइनमननं बांधून दिला होता, पण यानं आपल्या समाधानासाठी सॉकेट उघडलं. अर्थिंगच्या स्क्रूवर पक्कडीचे ताजे ओरखडे होते आणि तारेचा तांब्याचा एक केस अडकून राहिला होता. त्यानं तो नखानं काढला, तळहातावर ठेवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, चहा घेतोस?

"बाकीच्या चार घरीही तुमीच लावले म्हने, ते तार काहाडून घ्या सर," तो म्हणाला. "आजच. मी जाऊन काहाडले असते, पन मले कोनी घरात घेऊन नाही राहिलं."

मी काढल्या. कशा काढल्या ते सांगतो. चारही घरी जाऊन म्हणालो, "तुमच्याकडेही मिस्त्रीनं काम केलंय न? एकदा तपासून घेतो." ती तार मी बसवली होती हे त्यांना माहीत होतं. तीच तार मारते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. आत पक्कड घालून गुपचूप तार काढायची, खिशात टाकायची आणि मान हलवत म्हणायचं, "बरं झालं पाहिलं." चार घरं वाचली. चारही घरी माझे आभार मानले. मिस्त्रीचं कॉलनीतलं काम त्या एका दिवसात संपलं.

बायकोला तिची बहीण अकोल्याला घेऊन गेली, हाताला आराम म्हणून. महिनाभरानं मी आणायला गेलो. ती पलंगावर बसून मऊ चेंडू दाबत होती, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. दोन बोटं चेंडूला लागत नव्हती.

"मिस्त्री येते का अजून?" तिनं विचारलं.

"नाही येत आता. दुसरा बघितला कॉलनीनं."

"काहून?"

मी म्हणालो, लोक कसे असतात तुला माहीत आहे.

"टॉर्च मी धरला होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी तुमाले हातासाठी काही बोलली का? नाही बोलली. हात माझा आहे, पाहून घेईन. पन त्या मानसाले कायले बुडवलं? लोकायले खरं सांगा. मंग येईन मी घरी. नाही त इथंच बरी आहो."

पाहुणचार झाला, आमरस झाला, आणि मी एकटा परत आलो. बडनेऱ्याच्या स्टेशनवर उतरून घरापर्यंत मी मनातल्या मनात चार वेगवेगळी माफीची भाषणं रचली. चारही उत्तम होती.

वलगावला मिस्त्रीच्या घरी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसून विहिरीवरच्या पंपाची मोटार गुंडाळत होता. बारीक तांब्याची तार बोटांतून एकेक वेढा घेत जात होती. मी भाषण क्रमांक दोन म्हणालो. तो वेढे मोजत होता, म्हणून मध्येच हात वर करून त्यानं मला थांबवलं. मोजून झाल्यावर म्हणाला, "हं, बोला."

पुन्हा पहिल्यापासून म्हणालो. शेवटी म्हणालो, "मला माफ कर."

"केलं," तो म्हणाला. "पन सर, माफी तुमी ओट्यावर मागून राहिले. बदनामी चौकात झाली."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.

"अंगनातला खड्डा करतो मी. दिवसा करतो. त्या चारही घरवाल्यायले बलवा, त्यायच्यापुढं सांगा. माझी मजुरी तेवढीच." आणि त्यानं पुढचा वेढा घातला.

ज्या दिवशी खड्डा होता, त्या दिवशी सकाळच्या गाडीनं बायको आली; सगळ्यांपुढं खरं सांगणार आहे, असं मी तिला फोनवर कळवलं होतं. पिशवी खाली ठेवली आणि कूलरपाशी गेली. बंद कूलरला तिनं हात लावला नाही, फक्त त्याच्या खाली पाहिलं. मग पिशवीतून रबरी चपलांचा नवा जोड काढून तिथं ठेवला. अकोल्याहून आणला होता.

मिस्त्रीनं नक्षीच्या चार फरश्या उखडल्या. दोन फुटल्या. तो कमरेपर्यंत खड्ड्यात उतरला, पाइप उभा केला, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. चार घरचे आठ-दहा जण अंगणात गोळा झाले, त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. बायको दारातल्या खुर्चीवर बसली, उजवा हात पदराखाली. मिस्त्रीनं खालून माझ्याकडे पाहिलं.

मी घसा साफ केला.

आणि काय झालं कोण जाणे, समोर माणसं रांगेत उभी दिसली की माझ्या तोंडून धडाच निघतो. मी म्हणालो, "प्रथम आपण न्यूट्रल म्हणजे काय ते समजून घेऊ." कोळशाचा तुकडा उचलला आणि कंपाउंडच्या भिंतीवर आकृती काढायला लागलो. डीपी काढली. खांब काढला. टाकी काढली, जोर सांगितला, करंट सांगितला. न्यूट्रल तुटल्यावर प्रवाह कोणत्या मार्गानं जातो ते बाण काढून दाखवलं. वावटळीबद्दल बोललो. जुन्या जोडांबद्दल बोललो. घरबांधणीच्या वेळी अर्थिंगकडे सर्वांचंच कसं दुर्लक्ष होतं, याबद्दल बोललो. "सॉकेटमध्ये जर अशी जोडणी केली गेली असेल, तर अशा परिस्थितीत अपघात संभवतो," असंही म्हणालो. वाक्यात करणारा कुठंच नव्हता. लोक माना डोलवत होते. एक जण म्हणाला, "म्हणजे सर, चूक खांबावरची होती म्हना न." दुसरा म्हणाला, "अन् तुमची तार त चांगली होती सर, हे असं जोडनी करते कोन, तर हेच मिस्त्री लोकं."

माझ्या हातात कोळसा होता. भिंतीवर आणखी थोडी जागा होती. मिस्त्री खड्ड्यात उभा राहून मिठाची पिशवी रिकामी करत होता, वर पाहत नव्हता. मी म्हणालो, "हा प्रश्न चांगला आहे. याचं उत्तर आपण दोन भागांत पाहू."

दारातली खुर्ची सरकली. बायको उठून उभी राहिली होती.

"अवो, आकृती पुरे झाली," ती म्हणाली. "त्यानं नाही, म्या केलं, एवढं म्हना अन् खाली बसा."